एकच अळी, वेगवेगळे पिंजरे: उंदराच्या फुप्फुसकृमीचे प्रकरण

गोगलगायीतून काढलेल्या एकाच तुकडीतल्या अळ्या दोन पिंजऱ्यांत वाटायच्या. एका पिंजऱ्यात रॅट, दुसऱ्यात माऊस. (दोन्ही उंदीरच, मोठा तो रॅट आणि छोटा तो माऊस असे प्रयोगशाळेत म्हणतात, म्हणून इथेही तेच शब्द वापरतो.) पाच आठवड्यांनी पाहावे तर रॅट व्यवस्थित खातपीत असतो. कृमी त्याच्या मेंदूतून बाहेर पडून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन राहिलेले असतात. माऊस मात्र तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच दगावतो, आणि कृमी त्याच्या डोक्यातच अडकलेले सापडतात. अळी तीच, आतड्यातून मेंदूपर्यंतची वाटही तीच. निकाल मात्र पार उलटा.

हा कृमी म्हणजे अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस, उंदराचा फुप्फुसकृमी. मेंदूतल्या कृमिसंसर्गाचा प्रयोगशाळेत अभ्यास करायचा तर हाताशी इतरही कृमी आहेत. डुकराचा फीतकृमी आहे, कुत्र्याचा टॉक्सोकारा आहे. पण मला हे प्रकरण सर्वांत बोधक वाटते, कारण इथे मेंदू हा चुकून गाठलेला अवयव नाही. कृमीच्या आयुष्यातला तो ठरलेला मुक्काम आहे. त्यामुळे ‘कृमी मेंदूत गेला म्हणून प्राणी मेला’ हे सोपे उत्तर इथे चालत नाही. रॅटच्या मेंदूत तो दरवेळी जातो, आणि रॅट मरत नाही.

शोध उलट्या दिशेने लागला

1935 मध्ये चेन यांनी दक्षिण चीनमधल्या कँटनच्या रॅटच्या फुप्फुसधमन्यांतून या कृमीचे वर्णन केले. तेव्हा तो निव्वळ उंदराचा कृमी होता, माणसाशी त्याचा संबंध कोणी जोडलेला नव्हता. 1944 मध्ये तैवानमधल्या 15 वर्षांच्या एका मुलाच्या मेंदू-मज्जाद्रवात तो सापडला. नोमुरा आणि लिन यांनी पुढच्या वर्षी त्याची नोंद प्रसिद्ध केली, पण ती जपानी भाषेत. युद्धाच्या धामधुमीत ती कोणाच्या फारशी नजरेत आली नाही. बीव्हर आणि रोझेन यांनी 1964 मध्ये तिच्याकडे लक्ष वेधले, तोपर्यंत पुष्कळ पाणी वाहून गेले होते.

मधल्या काळात पॅसिफिक बेटांवर मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या विचित्र साथी येत होत्या. रुग्णाला असह्य डोकेदुखी, मान ताठ, अंगाला मुंग्या. पाठीतून काढलेल्या द्रवात जंतू सापडत नसत, पण इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असत. एरवी त्या द्रवात या पेशी दिसायलाच नकोत. आजही निदानाचा निकष तोच आहे: द्रवाच्या दर मायक्रोलिटरमागे 10 किंवा अधिक इओसिनोफिल, नाहीतर एकूण पांढऱ्या पेशींत त्यांचा वाटा किमान 10 टक्के. 1962 मध्ये रोझेन आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या रुग्णाच्या मेंदूत सापडलेल्या कृमींचा वृत्तांत छापला आणि संशयित हाती लागला.

पण मेंदूत कृमी सापडणे आणि साथीचे कारण सिद्ध होणे यांत अंतर असते. ते अंतर प्राण्यांनी भरून काढले. त्याआधीच, 1955 मध्ये, मॅकेरास आणि सँडर्स यांनी ब्रिस्बेनमध्ये या कृमीचे जीवनचक्र रॅट आणि कवच नसलेल्या गोगलगायी यांच्या साहाय्याने पूर्ण मांडले होते. रॅटमध्ये अळीला मेंदूतून जावेच लागते, हे त्यांनीच दाखवले. रॅटच्या मेंदूतून जाणारा कृमी माणसाच्या मेंदूतही जात असेल, ही शंका त्यातून आपोआप निघाली. मग 1963 मध्ये वाइनस्टाइन, रोझेन आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांना अळ्या दिल्या आणि त्यांच्या द्रवातही इओसिनोफिल वाढलेले दिसले. बेटांवरच्या रुग्णांत जे चित्र दिसत होते तेच माकडात मुद्दाम उभे करता आले.

इथपर्यंत प्राणी चोख साक्षीदार ठरले. प्रश्न ‘कारण कोणते’ एवढाच होता. पुढचा प्रश्न आला, ‘इजा कशी होते’ हा. तिथून साक्षी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या.

अळी पिंजऱ्यापर्यंत कशी पोचते

काम कसे चालते हे पाहिले की पुढचे बरेच उलगडते. संसर्ग झालेल्या रॅटच्या लेंड्या पाण्यात भिजवल्या की पहिल्या अवस्थेतल्या अळ्या बाहेर येतात. त्या गोगलगायींना दिल्या जातात. गोगलगायीच्या शरीरात अळी दोनदा कात टाकते आणि दोन-तीन आठवड्यांत तिसऱ्या, म्हणजे संसर्गक्षम अवस्थेला पोचते. मग गोगलगायीचे मांस बारीक करून पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या कृत्रिम जठररसात 37 अंशांवर ठेवतात. मांस विरघळते, अळी विरघळत नाही. जठररसाला पुरून उरणे हे तर तिचे कामच आहे. द्रव गाळून तळाशी बसू दिला की सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या वळवळताना दिसतात, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीच्या. त्या एकेक मोजून घ्याव्या लागतात आणि नळीने थेट प्राण्याच्या पोटात सोडतात.

मोजणीचा हा टप्पा कंटाळवाणा असतो, पण सारा प्रयोग त्यावर उभा असतो. हाताच्या घाईत पाच-सात अळ्या कमीजास्त झाल्या तर माऊसच्या बाबतीत तेवढ्याने जगण्याचे दिवस बदलू शकतात.

रॅट: येण्याची आणि जाण्याची वाट

रॅटच्या आतड्याची भिंत भेदून अळी रक्तात शिरते आणि दोन-तीन दिवसांत मेंदूत पोचते. तिथे ती आणखी दोनदा कात टाकते. सुरुवातीला ती प्रत्यक्ष मेंदूच्या पेशीसमूहात असते, मग साधारण दोन आठवड्यांनी पृष्ठभागावर, आवरणाखालच्या पोकळीत येते. चौथ्या आठवड्याच्या अखेरीपासून सेंटिमीटरभर लांबीचे तरुण कृमी मेंदूच्या शिरांत घुसतात, रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूला येतात आणि तिथून फुप्फुसधमनीत. सहाव्या आठवड्याच्या सुमारास लेंड्यांत पुन्हा अळ्या दिसू लागतात आणि चक्र पूर्ण होते. धमनीतली पूर्ण वाढलेली मादी उघड्या डोळ्यांनीही ओळखू येते: रक्ताने भरलेले लाल आतडे आणि त्याभोवती पीळ घातलेले पांढरे गर्भाशय, असे तिच्या अंगावर दोन रंगांचे पट्टे दिसतात.

रॅटच्या मेंदूत दाह होतच नाही असा समज करून घेणे चूक आहे. दाह होतो, इओसिनोफिलही जमतात, पण सारे आटोक्यात राहते. आणि ‘रॅटला काहीच होत नाही’ हेही खरे नाही. मात्रा फार मोठी असेल तर रॅटही मरतो, तोही पुष्कळदा फुप्फुसाच्या त्रासाने, उशिरा. नेहमीच्या मात्रेत मात्र तो कृमीला पोसतो. म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळा या कृमीची वसाहत रॅटमध्ये चालवतात आणि निदानाच्या चाचण्यांसाठी लागणारे कृमीचे प्रथिनही तिथूनच मिळवतात.

माऊस: येण्याची वाट आहे, जाण्याची नाही

माऊसमध्ये पहिला आठवडा जवळजवळ रॅटसारखाच जातो. नंतर चित्र पालटते. केस पिंजारलेले, वजन उतरलेले, मागचे पाय लुळे. काही प्राणी एकाच दिशेने गोल गोल फिरत राहतात. मेंदूभोवतीच्या द्रवात इओसिनोफिलांचा लोंढा येतो. बहुसंख्य कृमी फुप्फुसापर्यंत पोचत नाहीत. ते मेंदूतच खुंटतात, मरतात, आणि त्यांच्या मेलेल्या अंगांभोवती दाह आणखी भडकतो.

इथे एक साधा हिशेब मांडावासा वाटतो, कारण तो सहसा कोणी मांडत नाही. माऊसचा मेंदू अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी भरतो, माणसाचा सुमारे 1,350 ग्रॅम. म्हणजे साधारण 3,000 पट. माऊसला तीसेक अळ्या देण्याची रीत आहे. निव्वळ वजनाच्या प्रमाणात पाहिले तर माणसाच्या मेंदूत नव्वद हजार कृमी सोडण्यासारखे ते झाले. कच्ची गोगलगाय खाणाऱ्या माणसाच्या मेंदूत इतके कृमी कधीच नसतात. शिवाय यजमान लहान म्हणून कृमी त्या प्रमाणात आखडत नाही. दीड सेंटिमीटरच्या मेंदूत काही मिलिमीटर लांबीचे अनेक कृमी हिंडत असतील तर निव्वळ यांत्रिक इजाही प्रचंड होणार.

पण या हिशेबावर सगळे भागत नाही. रॅटचा मेंदू माऊसच्या चार-पाच पटच मोठा असतो, आणि रॅटला पन्नासेक अळ्या सहज पचतात. तेवढ्या फरकाने एकाचा संसार आणि दुसऱ्याचा मृत्यू हे पटत नाही. यजमानाची प्रतिकारयंत्रणा कृमीकडे कशी पाहते, हा मुद्दा टाळता येत नाही.

आरोपी कोण: कृमी की पहारेकरी?

माऊसवरच्या कामाची खरी कमाई इथे आहे. रॅटमध्ये जे करणे अवघड होते ते माऊसमध्ये जमले: प्रतिकारशक्तीचा एकेक धागा काढून पाहणे. 1993 मध्ये सासाकी आणि सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-5 या रेणूला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड माऊसला दिले. या रेणूशिवाय इओसिनोफिल पुरेसे तयार होत नाहीत आणि फारसे टिकतही नाहीत. इओसिनोफिल घटले, आणि मेंदूतले कृमी जास्त संख्येने जगले. 1996 मध्ये ज्या माऊसमध्ये या रेणूचा ग्राहीच (पेशीवरचे त्याला पकडणारे प्रथिन) जनुकीय पद्धतीने काढून टाकला होता त्यांत योशिदा आणि सहकाऱ्यांना तोच निकाल मिळाला. उलट बाजूने, हा रेणू जादा बनवणाऱ्या माऊसमध्ये कृमी कमी उरले. म्हणजे इओसिनोफिल कृमी मारतात, यात शंका उरली नाही.

मग इओसिनोफिल चांगले, असे म्हणून फाइल बंद करायची का? तर नाही, कारण दुसऱ्या एका प्राण्याची साक्ष बाकी होती, आणि ती साक्ष कृमींच्या अभ्यासाबाहेरून येत होती.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये मर्विन गॉर्डन हे हॉजकिन या लसिकाग्रंथींच्या आजाराचे कारण शोधत होते. रुग्णांच्या ग्रंथींचा अर्क त्यांनी सशांच्या मेंदूत टोचला. ससे ताठरले, तोल गेला, लुळे पडले. गॉर्डन यांना वाटले, विषाणू सापडला. तो विषाणू नव्हता. हॉजकिनच्या ग्रंथींत इओसिनोफिल भरपूर असतात, आणि खरी इजा त्यांच्या कणिकांतल्या द्रव्याने होत होती. ते द्रव्य लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी मारते, म्हणजे शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळणाऱ्या मोठ्या चेतापेशी. 1979 मध्ये ड्युरॅक आणि सहकाऱ्यांनी मानवी इओसिनोफिलांचा हा विषारीपणा दाखवला आणि 1981 मध्ये ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. विषाणूच्या शोधात निघालेला एक चुकीचा प्रयोग अर्ध्या शतकाने पांढऱ्या पेशीच्या विषापाशी येऊन थांबला.

1989 मध्ये पेरेझ आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगला आपल्या या फुप्फुसकृमीचा संसर्ग दिला. गिनीपिगमध्येही कृमीला पुढे जाता येत नाही. त्यांच्या लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी नाहीशा होताना दिसल्या. बाहेरून काही टोचलेले नव्हते. प्राण्याचे स्वतःचे इओसिनोफिल आपल्याच मेंदूत जमून तेच घडवत होते. गॉर्डन यांच्या सशांत दिसलेला प्रकार कृमीने जिवंत प्राण्यात घडवून आणला होता.

आता दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवा. माऊस म्हणतो, इओसिनोफिल काढले तर कृमी वाढतात. गिनीपिग म्हणतो, इओसिनोफिल राहिले तर मेंदू जातो. दोन्ही खरे आहेत. अडचण अशी की कृमी किती उरले आणि प्राणी किती दिवस जगला हे मोजणाऱ्या प्रयोगाला दुसरे सत्य दिसतच नाही. पर्किंजे पेशी मोजणाऱ्याला पहिले दिसत नाही. त्या काळचे शोधनिबंध वाचताना मला सारखे जाणवते की मतभेद माहितीत कमी आणि मोजपट्टीत जास्त होता.

गुंता आणखी एका जागी आहे. माणसाच्या इओसिनोफिलमध्ये ही विषारी कामगिरी करणारी दोन जवळची प्रथिने असतात, दोन्ही आरएनएचे तुकडे करणाऱ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) कुळातली. माऊसमध्ये त्या कुळाचा विस्तार वेगळाच झाला आहे. तिथे अशी कितीतरी जनुके आहेत आणि माणसाच्या प्रथिनाशी एकास एक जोडी लागत नाही. म्हणजे ‘या विषाने माणसाच्या मेंदूला किती इजा होते’ हा प्रश्न माऊसला विचारण्यातच फारसा अर्थ नाही. 2004 मध्ये माऊसच्या लहान मेंदूतही पर्किंजे पेशींचा ऱ्हास नोंदवला गेला खरा, पण तिथे संबंध जोडला गेला तो एमएमपी-9 या विकराशी, जो पेशींबाहेरची चौकट आणि रक्त-मेंदू अडसर कुरतडतो. एकाच पेशीचा मृत्यू, दोन प्राण्यांत दोन संशयित. आणि तिसरा संशयित, म्हणजे खुद्द कृमीचे हिंडणे, कायमच हजर.

औषधाच्या वेळेचा पेच

रुग्णालयात या वादाचे रूपांतर एका व्यावहारिक प्रश्नात होते: कृमी मारायचे की दाह दाबायचा? अल्बेंडाझोल हे कृमिनाशक औषध कृमीच्या पेशींतले ट्यूब्युलिन हे सांगाड्याचे प्रथिन बांधून ठेवते आणि त्याला उपाशी मारते. माऊसमध्ये ते संसर्गानंतर लवकर दिले तर मेंदूतले कृमी खूपच घटतात आणि प्राणी वाचतात. उशीर होईल तसा फायदा ओसरतो. हे वाचून औषध हाती लागले असे वाटणे स्वाभाविक आहे.

पण माऊसला अळ्या कधी दिल्या हे संशोधकाला ठाऊक असते. माणसाला डोके दुखेपर्यंत काहीच ठाऊक नसते. लक्षणे साधारण एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतात, आणि रुग्ण दवाखान्यात त्याच्याही नंतर येतो. तोवर कृमी वाढलेले असतात, काही मरू लागलेले असतात, इओसिनोफिल पोचलेले असतात. माऊसमधला ‘लवकर’ माणसात येतच नाही. त्यात मोठे कृमी एकदम मारले तर त्यांच्या अवशेषांनी दाह उसळेल ही भीती.

थायलंडमधल्या खोन केन इथे चोटमोंगकोल आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवरून अंदाज बांधत बसण्याऐवजी रुग्णांवरच नियंत्रित चाचणी केली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दोन आठवडे रोज 60 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे दाह दाबणारे स्टेरॉइड घेणाऱ्यांची डोकेदुखी थांबायला मध्यक 5 दिवस लागले, औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांना 13. याच गटाने 2009 मध्ये प्रेडनिसोलोनला अल्बेंडाझोलची जोड देऊन पाहिली. एकट्या प्रेडनिसोलोनपेक्षा ठळक फरक पडला नाही. माऊसच्या प्रयोगांनी मुख्य औषध म्हणून ज्याकडे बोट दाखवले ते माणसात दुय्यम ठरले, आणि दाह दाबणारे औषध पुढे आले. मला वाटते गिनीपिगची साक्ष वेळीच मनावर घेतली असती तर याचे इतके आश्चर्य वाटले नसते. अर्थात डोकेदुखीचे दिवस ही सौम्य आजाराची मोजपट्टी आहे. बेशुद्धीपर्यंत गेलेल्या थोड्या रुग्णांबद्दल या चाचण्या फारसे बोलत नाहीत, आणि लवकर निदान होणाऱ्यांत अल्बेंडाझोल स्टेरॉइडसह द्यावे असे म्हणणारेही तज्ज्ञ आहेत.

याच कृमीवर नवा प्रयोग आखायचा झाला तर

रॅट घ्यायचा तो कृमी मेंदूतून कसा सुखरूप बाहेर पडतो हे पाहण्यासाठी. त्या वाटेचा अभ्यास माऊसमध्ये होऊच शकत नाही, कारण तिथे वाट बंद आहे. प्रतिकारशक्तीचा एखादा घटक वगळून पाहायचा तर माऊसला पर्याय नाही. जनुके काढलेले प्रकार त्याच्यातच सहज मिळतात. लहान मेंदूच्या इजेसाठी गिनीपिग आजही बाजूला सारण्याजोगा नाही, जरी त्याच्यासाठी लागणारी अभिकर्मके माऊसच्या तुलनेत तुटपुंजी असली तरी. माकडाने 1963 मध्ये आपले काम केले आहे. त्याला पुन्हा त्यात ओढण्याइतका मोठा प्रश्न मला दिसत नाही.

जुन्या निबंधांतले जगण्याचे आलेख मला खटकतात, ते केवळ दयेपोटी नव्हे. प्राणी मरेपर्यंत थांबायचे आणि दिवस मोजायचे, ही पद्धत क्रूर तर आहेच, शिवाय ती माहितीही कमी देते. मेलेल्या माऊसचा मेंदू काही तासांत बिघडतो. पर्किंजे पेशी तर विशेष नाजूक. रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्येच प्राण्यांचा त्रास कमी करण्याचे तत्त्व मांडले होते. वजन ठरावीक प्रमाणात उतरले, मागचे पाय ओढू लागले की प्रयोग थांबवायचा, त्याच वेळी मेंदू नीट स्थिर करून छेद घ्यायचे. प्राणी लवकर सुटतो आणि पेशीही मोजता येतात.

औषधाची चाचणी असेल तर आणखी एक बदल करायला हवा. उपचाराचा पहिला दिवस अळ्या दिल्याच्या तारखेवरून ठरवू नये. प्रत्येक माऊस रोज तपासावा आणि ज्या दिवशी त्याची चाल प्रथम बिघडते तो दिवस शून्य धरावा. तसे केले तर गटातल्या प्राण्यांचे उपचार वेगवेगळ्या तारखांना सुरू होतील, आलेख ओबडधोबड येतील, गटाची संख्याही वाढवावी लागेल. पण डोके दुखू लागल्यावरच दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाशी तुलना करता येईल असा माऊस त्याच रांगेत सापडेल.